टोचून घेणारा शास्त्रज्ञ : हाफकिन

दर शनिवारी दुपारी मी ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडतो, ती सिनेमाला जाण्यासाठी नव्हे. ठाण्याच्या एका दवाखान्यात माझ्या दंडात सुई टोचली जाते आणि त्यानंतर अर्धा तास तेथल्या बाकावर मला बसून राहावे लागते. गेल्या पावसाळ्यापासून हा क्रम सुरू आहे. आता आठवड्याला, पुढे महिन्याला, असा तो तीन वर्षे तरी चालायचा आहे. मध्ये दोन महिने मी तो सोडून दिला होता. सोडलेला क्रम पुन्हा धरला तो एका माणसाचे चरित्र वाचून. त्या माणसाच्या हयातीत आमची ऐरोली म्हणजे खाडी, खारफुटी आणि काठावरच्या चार वस्त्या एवढीच होती. त्याचे नाव वॉल्देमार मोर्देकाय हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव आपणा सर्वांच्या कानांवर आहे. पण संस्थेच्या पाटीमागचा माणूस किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. मला स्वतःला तो नव्हता.

आधी दुखण्याविषयी थोडे सांगतो. मला धुळीचे वावडे आहे. सकाळी अंथरुणातून उठलो की वीसेक शिंका ठरलेल्या. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की छातीतून शिटी वाजू लागते. डॉक्टरांनी माझ्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून हलकेच टोचले. पंधरा-वीस मिनिटांत एका थेंबाखाली चांगली मोठी गांध उठली. तो थेंब घरातल्या धुळीत, गाद्या-उशांत राहणाऱ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाचा होता. हा जीव कोळ्याच्या कुळातला (दिव्याच्या कोळीवाड्यातील माझ्या मित्रांनी रागावू नये!). आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो आणि दमट हवेत माजतो. खाडीकाठी हवेला दमटपणाची काय कमी?

यावरचा एक उपाय असा की, ज्या वस्तूचे वावडे, तिचाच अर्क अतिशय विरळ करून टोचायचा आणि आठवड्या-आठवड्याने मात्रा वाढवीत न्यायची. शरीर निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून आकांत करीत असते. थोड्याथोड्या ओळखीने त्याचा तो आकांत कमी व्हावा, ही त्यामागची कल्पना. याला इम्युनोथेरपी म्हणतात. काट्याने काटा काढण्यातलाच हा प्रकार, असे आजीने ऐकताक्षणी सांगून टाकले आणि त्यानंतर तिला या विषयात काही नवल राहिले नाही.

मला मात्र पुढे नवल वाटायचे होते. एका शनिवारी मित्राबरोबर कुठेतरी जाण्याची घाई होती. इतक्या वेळा काही झाले नाही, आजच काय होणार, असा विचार करून मी अर्धा तास न थांबता दवाखान्यातून सटकलो. ठाण्याहून गाडी सुटली तेव्हा तळहातांना खाज सुटू लागली. ऐरोली येईपर्यंत अंगभर गांधी उठल्या होत्या आणि घसा आवळल्यासारखा झाला होता. फलाटावरच्या दोघा अनोळखी माणसांनी मला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. तेथे मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळाले आणि मी वाचलो. चूक सर्वस्वी माझी होती. तरीही त्या दिवसानंतर सुई म्हटले की माझ्या पोटात गोळा येऊ लागला. आई म्हणाली, नको ते. मीही म्हणालो, नको. शिंका पुन्हा सुरू झाल्या.

त्याच सुमारास इतिहासाच्या सरांनी मुंबईतील प्लेगवर टिपण लिहून आणायला सांगितले. ग्रंथालयात त्या टिपणासाठी बसलो आणि हाफकिनची गाठ पडली.

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या काळ्या समुद्रावरील बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्याला मेचनिकॉफसारखा गुरू लाभला. शरीरातील पांढऱ्या पेशी बाहेरच्या जंतूंना गिळतात हे दाखविणारा आणि पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा तो हाच मेचनिकॉफ. ते दिवस ज्यूंना वाईट होते. १८८१ साली दंगलखोर ज्यूंच्या वस्त्यांवर तुटून पडू लागले, तेव्हा प्रतिकार करणाऱ्या तरुणांत हाफकिनही होता. तो जखमी झाला, पकडला गेला. मेचनिकॉफच्या रदबदलीने सुटला. पुढे विद्यापीठातील अध्यापकाची जागा त्याला मिळू शकत होती, पण त्यासाठी रशियन ख्रिस्ती पंथ स्वीकारावा लागणार होता. त्याने नकार दिला. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काढून १८८८ साली तो जिनिव्हाला आणि तेथून पुढच्या वर्षी पॅरिसला गेला. पाश्चरच्या संस्थेत त्याला मिळाली ती ग्रंथपालाची जागा! पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. आमच्या ग्रंथपालांना मी हे मुद्दाम सांगितले. ते नुसते हसले.

त्या उरलेल्या वेळातून पटकीची लस निघाली. पटकीचे जंतू त्याने दोन रीतींनी वाढविले. एका रीतीने ते सौम्य केले, दुसरीने तीव्र. आधी सौम्य जंतूंची टोचणी द्यायची, काही दिवसांनी तीव्र जंतूंची. आधी मवाळ, मग कडक हा क्रम मी वाचला तेव्हा दवाखान्यातल्या फडताळावर ओळीने मांडलेल्या माझ्या बाटल्या मला आठवल्या. १८ जुलै १८९२ रोजी त्याने ही लस सर्वप्रथम टोचून घेतली ती स्वतःला. ताप आला, उतरला. मग मित्रांनी टोचून घेतली. त्यानंतरच त्याने विद्वानांच्या सभेपुढे ही हकीकत मांडली.

लशीची परीक्षा पटकीच्या देशातच होणार होती. म्हणून १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. वाटेत इंग्लंडला त्याने नेटली येथील लष्करी वैद्यक विद्यालयात आपली पद्धत दाखविली. तेथे ऑलमरॉथ राइट नावाचा तरुण प्राध्यापक होता. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते लागणार आहे.

कलकत्त्याच्या बस्त्यांत लोकांनी या गोऱ्या माणसाचे स्वागत दगडांनी केले. त्यात अस्वाभाविक काही नव्हते. परक्या राज्याचा माणूस सुई घेऊन दारात येतो, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? हाफकिनने आणि त्याच्याबरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतले, मग एकेक जण पुढे येऊ लागला. सक्ती नाही, येईल त्यालाच टोचायचे, हे धोरण त्याने सोडले नाही. एकाच बस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांपैकी काहींनी लस घेतली, काहींनी नाही. मग कोण आजारी पडतो याची काळजीपूर्वक नोंद ठेवायची, अशी त्याची रीत होती. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांवर माणसांना टोचून झाले. त्यात हिवतापाने त्यालाच गाठले आणि १८९५ साली त्याला इंग्लंडला परतावे लागले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि मुंबईवर आकाश कोसळले. आपल्याकडे त्या वेळी याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. लाखो लोक शहर सोडून गेले. ज्यांनी गावे गाठली त्यांच्याबरोबर पुष्कळदा रोगही गावी गेला. माझी आजी साताऱ्याकडची. तिच्या आजीच्या तोंडून तिने ऐकले होते की, प्लेगच्या साली गावात उंदीर पडले की सारा गाव घरांना कड्या घालून माळावर झोपड्यांत राहायला जाई. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता याच रोगाने गेल्या. तेथेच सोल्जरांनी घरे तपासण्याच्या नावाखाली जो जुलूम मांडला आणि त्यातून त्याच साली रँडचा जो वध झाला, तो इतिहास आपण शाळेतच शिकलेलो आहोत.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर तीन महिन्यांत लस तयार झाली. ती कशी केली हे वाचताना मला फार गंमत वाटली. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. गाय नको आणि डुक्कर नको, म्हणून त्याने बोकडाचे मांस घेतले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छतापासून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबत. बाटली हलविली की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवे लोंबू लागत. मग सारे ऊन करून जंतू मारायचे व थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप प्लेगच्या लशीच्या कामी आले होते, हे आईला सांगितले तेव्हा तिचा प्रथम विश्वासच बसला नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली, आणि तीही नंतर लोकांना जेवढी दिली जाई त्याहून कितीतरी अधिक मात्रेत. अंगात ताप भरला, टोचल्या जागी वेदना झाल्या; पण तो उठून कामाला लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आपखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न घेतलेल्यांत मृत्यू झाले. घेतलेल्यांत थोडे आजारी पडले, पण मृत्यू झाला नाही. यानंतर लशीची मागणी वाढली. तिसरे आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी जागा दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ही गव्हर्नरांची कोठी. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी मुंबईत पटकीने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटकडे हलला होता. जिची मालकीण पटकीने गेली त्या वास्तूत पटकीवर लस शोधणाऱ्याने बिऱ्हाड थाटावे, हा योगायोगच म्हणायचा.

आता राइटकडे वळू. नेटलीला हाफकिनची पद्धत पाहिलेल्या या राइटने १८९६ साली मेलेल्या जंतूंपासून विषमज्वराची लस काढली. पुढे प्लेग कमिशनचा सभासद म्हणून तो हिंदुस्थानातही आला. त्या कमिशनने प्लेगच्या लशीचा उपयोग मान्य केला, पण एका गोष्टीवर बोट ठेवले : मात्रेचे माप नेमके नाही. माझ्या मते हा आक्षेप रास्त होता. १९०२ पासून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात राइटने टोचणीचे स्वतंत्र खातेच उभारले. त्याच खात्यात लिओनार्ड नून आणि जॉन फ्रीमन हे दोघे काम करीत. गवत फुलण्याच्या दिवसांत शिंकांनी बेजार होणाऱ्या लोकांना त्याच गवताच्या परागकणांचा अर्क टोचून पाहावा, हा विचार नूनने केला आणि १९११ साली आपले निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले. त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर माप ठरविले. परागकणांच्या एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शातून जेवढा अर्क निघेल, ते एक एकक. मात्रा फार मोठी झाली किंवा फार लवकर दिली तर उलटते, हेही त्याच्या ध्यानात आले होते. परागकणांत विष असते आणि टोचणीने त्याचा उतारा तयार होतो, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची होती, पण उपाय बरोबर निघाला. १९१३ साली क्षयाने नून गेला आणि फ्रीमनने ते काम पुढे नेले. ॲलर्जी हा शब्दच तेव्हा नवा होता. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के याने तो १९०६ साली काढला.

हाफकिनने ॲलर्जीवर काही केले, असा माझा दावा नाही. त्याची लस शरीराला शत्रूशी लढायला शिकविणारी होती. माझी सुई नसत्या शत्रूशी लढणे थांबवायला शिकविते. परंतु परळची बाटली आणि ठाण्याच्या फडताळावरची माझी बाटली एकाच घराण्यातल्या आहेत, एवढे म्हणायला हरकत नसावी.

या घराण्यातला सर्वांत काळा दिवस म्हणजे ३० ऑक्टोबर १९०२. पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचणीची मोहीम काढली होती. मागणी भागविण्यासाठी परळला लस करण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक ॲसिड वगळले गेले होते. त्या दिवशी मुल्कोवाल गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. एका बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले.

वाचता वाचता मी येथे पुस्तक मिटले. मला ऐरोलीचा फलाट आठवला. मी निदान जिवंत होतो.

चौकशी समिती नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच तीत दोष शिरला होता, म्हणजे चूक परळची, असा तिने निष्कर्ष काढला. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले. १९०४ साली तो इंग्लंडला गेला आणि स्वतःच्या निर्दोषत्वासाठी लढत राहिला. बाटली उघडताना गावात एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट पुराव्यात होती; पण तिला कोणी महत्त्व दिले नव्हते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. शिवाय दोष महिनाभर आधी परळला शिरला असता, तर बाटली उघडताच तिला दुर्गंधी यायला हवी होती. ती तशी आली नव्हती. अखेर मलेरियाचा संशोधक रोनाल्ड रॉस याने हे प्रकरण हाती घेतले. १९०७ च्या जुलैमध्ये त्याच्यासह दहा शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिले आणि त्या वर्षाअखेर सरकारने हाफकिनवरील ठपका काढला. एका ज्यू अधिकाऱ्यावर फ्रान्समध्ये झालेल्या अन्यायावरून लोक याला छोटे ड्रायफस प्रकरण म्हणू लागले.

हाफकिन हिंदुस्थानात परत आला. पण परळला नव्हे. ती जागा दुसऱ्याकडे गेली होती. त्याला कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली. लशी तयार करण्याचे व माणसांवर त्यांची परीक्षा पाहण्याचे काम त्याच्याकडे पूर्वीसारखे राहिले नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन तो युरोपला गेला. त्याने लग्न केले नाही. उतारवयात आपल्या धर्माकडे त्याचा ओढा वाढला आणि आपली पुंजी त्याने ज्यू धर्मशाळांतील शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्याचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव त्याच्या हयातीतच, १९२५ साली, दिले गेले होते. १९६४ साली आपल्या टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले.

टिपण पुरे झाल्यावर एका रविवारी मी ठाण्याला गाडी बदलून परळला गेलो. आत जाण्याची परवानगी काढलेली नव्हती, म्हणून फाटकाबाहेरूनच पाहिले. झाडांच्या आड इमारतीचा थोडासा भाग दिसत होता. पहारेकऱ्याने काय काम आहे म्हणून विचारले. काही नाही, नुसते पाहायला आलो, असे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी लगेच परत फिरलो. गाडीत मात्र एकच गोष्ट मनात घोळत होती. एकोणीस माणसे गेली, ती लशीच्या तत्त्वामुळे नव्हे. एक चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट स्वच्छ न करता उचलण्याएवढीच कोणाला तरी घाई होती. मलाही त्या शनिवारी घाईच होती.

पुढच्या शनिवारी आईला सांगूनच निघालो. ती काही बोलली नाही; माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत मात्र आली. डॉक्टरांनी झाला प्रकार ऐकून घेतला, दोन महिन्यांचा खंड हिशेबात धरला आणि मात्रा बरीच खाली आणली. म्हणजे चढलेल्या पुष्कळ पायऱ्या पुन्हा चढायच्या. परिचारिकेने बाटलीवरचे नाव मला मोठ्याने वाचून दाखविले, मात्रा वहीत लिहिली आणि सुई टोचली. मी घड्याळासमोरच्या बाकावर बसलो. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. तीन चाळीसला तिने येऊन दंडावरची सूज पट्टीने मोजली, तो आकडा वहीत लिहिला आणि मला जायला सांगितले. मी आणखी पाच मिनिटे बसलो आणि मग निघालो.